उरलेल्या भाकरी

करंजतळीच्या शाळेत गणिताच्या तासाला चौथीच्या वर्गातून ‘हूं’ असा आवाज येतो. एकट्यादुकट्याचा नव्हे, एकोणीस पोरांचा, एकदम, दर वाक्यागणिक. नव्या माणसाला वाटावं, आत भजन चाललंय. गावकऱ्यांना माहीत असतं, आत त्रिशलाबाई भागाकार शिकवतायत.

गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो, हे आपल्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. बाईंनी त्यात एवढीच भर घातली, की ज्याला कळलं त्यानंच ‘हूं’ म्हणायचं. ज्याला कळलं नाही त्यानं गप्प बसायचं आणि त्याची लाज वाटून घ्यायची नाही. मग बाई चार पावलं मागं येतात आणि गोष्ट तिथनं परत सांगतात. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा कान असा तयार झालाय, की एकोणिसातला एक ‘हूं’ कमी पडला तरी त्यांना समजतं, आणि कुणाचा कमी पडला तेही समजतं. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. असतं, तर पुढचं रामायण टळलं असतं.

त्रिशला वृषभ मगदूम, वय चोपन्न. अंगानं बुटक्या, पण आवाज असा, की मैदानापलीकडच्या गोठ्यातली म्हैस मान वर करून बघते. राहायला कोल्हापुरात. नवऱ्याचं उद्यमनगरात लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप. रोज सकाळी डोक्याला रुमाल बांधून स्कूटीवरून पन्हाळ्याच्या अंगाला पंचवीस किलोमीटर जायचं आणि संध्याकाळी तेवढंच परत यायचं. कोल्हापूरच्या बाईमाणसासारख्या त्या ‘मी जातो, मी बोलतो’ असंच म्हणतात. एकदा प्रशिक्षणात पुण्याच्या कुणी मॅडमनी ती चूक म्हणून दाखवली, तर बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, आमच्यात असंच हाय, आणि खाली बसून, ताटात राहिलेली पुरणपोळी संपवली. वाकड्यात शिरायची हौस नव्हती त्यांना. पण कुणी वाकड्यात घेतलं तर सरळ करायचंही त्यांना जमत नसे.

गणित त्यांना लहानपणी येत नव्हतं, हे त्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगून टाकतात. माहेर शिरोळकडचं, ओढ्याच्या पलीकडं कर्नाटक. वडील तवनाप्पा चौगुले ऊस आणि तंबाखू करायचे. आईला त्या अव्वा म्हणत. चौथीत असताना भागाकार येईना म्हणून मास्तरांनी छडीनं तळहात सुजवले. पोरगी रडत शेतावर गेली. तिथं अव्वानं काही समजावलं नाही. भाकरीची बुट्टी पुढ्यात सरकवली आणि तण काढणाऱ्या, भांगलणीच्या बायकांना वाढायला सांगितलं. बायका पाच, भाकरी सतरा. पोरीनं एकेक करत तीन फेऱ्या वाढल्या. बुट्टीत दोन उरल्या. पोरीनं त्या फडक्यात गुंडाळायला घेतल्या तशी अव्वा म्हणाली, “उरतंय ते बी कुणाचं तरी असतंय. कुणाचं ते बघून मग झाक.”

त्या दोन भाकरी त्या दिवशी बांधावर बसलेल्या एका वाटसरूला गेल्या. त्रिशलाला भागाकार आला तो तिथं. मास्तरांनी बाकी ही शेवटी खाली लिहून टाकायची गोष्ट म्हणून शिकवली होती, अव्वानं ती विचारायची गोष्ट म्हणून शिकवली. हा फरक बाईंना पुढं सोळा वर्षांनी, स्वतः फळ्यापुढं उभ्या राहिल्या तेव्हा उमगला.

तेव्हापासून त्यांच्या गणितात धोंडुबाई आली. ही धोंडुबाई बाईंनीच रचलेली. ती तिसरीत बाजारला जाते, चौथीत शेतावर बुट्टी घेऊन जाते, वजाबाकीत तिची कोंबडी हरवते आणि अपूर्णांकात तिच्या घरी एकच कलिंगड असताना सहा पाहुणे येतात. करंजतळीतली अर्धी तरणी माणसं धोंडुबाईच्या हाताखाली शिकलेली. दूध डेअरीवर कुणी हिशेबात अडखळला तर दुसरा म्हणतो, अरे, धोंडुबाईला विचार की.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, त्याच आठवड्यात तालुक्याहून विस्तार अधिकारी आले. सरनोबत साहेब. विजयसिंह सरनोबत, मूळचे गारगोटीकडचे, स्वतः दहा वर्षं मास्तरकी केलेले. माणूस वाईट नव्हता. पण वरून आलेला कागद खाली पोचवता पोचवता काही माणसांचं तोंडच कागदासारखं होतं, तसं त्यांचं झालं होतं. त्या वर्षी प्रत्येक तासाचं नियोजन छापून आलेलं. सात मिनिटं टॅबवर व्हिडिओ, दहा मिनिटं फळा, पंधरा मिनिटं सराव, तीन मिनिटं उजळणी. गोष्टीला त्यात एक मिनिटही नव्हतं. साहेब मागच्या सतरंजीवर जाऊन बसले.

बाईंनी साहेबांकडं बघून आवाज बदलला नाही की गोष्ट बदलली नाही. धोंडुबाई बुट्टी घेऊन निघाली. हूं. बुट्टीत सतरा भाकरी. हूं. शेतात पाच बायका. हूं. वाढून झाल्यावर बुट्टीत उरल्या दोन, आणि इथं नेहमीप्रमाणं वर्गात भांडण लागलं. एक म्हणाला, कुत्र्याला द्यायच्या. दुसरा म्हणाला, ज्या बाईनं जास्त भांगललं तिला. मग तेजस्वी नावाची पुढच्या रांगेतली पोरगी उभी राहिली आणि मागं बोट करून म्हणाली, “एक पावण्यांस्नी द्या की बाई, कवापास्नं बसल्यात.”

वर्ग हसला. साहेब हसले नाहीत. हा भाषेचा तास आहे का, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, गणिताचा. साहेबांनी एका पोराला उठवून सतरा भागिले पाच विचारले. पोरगं म्हणालं, तीन, बाकी दोन, आणि लगेच त्या दोन भाकरींचं काय करायचं ते सांगू लागलं. साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि आकड्यावर थांबायला शिक, असं बजावलं. पोरगं बसलं. जाताना साहेबांनी शेरेबुकात लिहिलं, ‘गणित अध्यापनात गोष्टींचा अतिरेक. विद्यार्थी सामूहिक आवाज काढतात. वेळेचा अपव्यय.’

सामूहिक आवाज! हे दोन शब्द बाईंनी तीनदा वाचले. अठ्ठावीस वर्षं ज्या आवाजावर त्यांची शाळा चालली, तो साहेबांना गोंगाट वाटला होता. बाईंना राग आला, आणि बाईंचा राग घरी नेऊन झोपवता येईल असा नसतो.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. डिसेंबरात चौथीची गणिताची चाचणी होईल, शेजारच्या शाळेचे शिक्षक पर्यवेक्षक असतील, पेपर कचेरीत तपासले जातील. वर्गाची सरासरी साठ टक्क्यांच्या खाली आली तर श्रीमती मगदूम यांनी हमीपत्र द्यायचं, की यापुढे गणिताच्या तासाला गोष्टी सांगणार नाही आणि नियोजनाप्रमाणेच शिकवीन. हमीपत्र दिलं नाही तर चौथीचा वर्ग त्यांच्याकडून काढून घेतला जाईल.

नवऱ्यानं पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाला, चारच वर्षं राहिलीत, देऊन टाक की लिहून. सांगायची ती गोष्ट सांग, कोण कान लावून बसतंय. वृषभ मगदूम समंजस माणूस. लोखंडावर एक सूत कमीजास्त झालं तर तो दिवसभर जेवत नसे, पण कागदावरच्या खोट्याला तो खोटं समजत नव्हता. बाई म्हणाल्या, सांगायचं आणि सांगत न्हाय म्हणून लिहायचं, हे पोरांपुढं कुठल्या तोंडानं करू? त्यावर त्यानं चष्मा परत घातला आणि विषय बदलला.

शाळेत मुख्याध्यापक धैर्यशील पाटील. आईबापांनी नाव ठेवलं तेव्हा त्यांच्या मनात मोठी आशा असणार. सर चांगले होते, पोरांना मारत नसत, पण मोबाईलवर कचेरीच्या ग्रुपचा मेसेज वाजला की हातातला खडू टाकून आधी तो वाचत. दोन शिक्षकांची शाळा. तिथं एकाचा वर्ग गेला म्हणजे दुसऱ्याची झोप गेली. त्यांनी वर्गाची यादी काढली आणि तीन नावांवर पेन्सिलीनं बारीक टिंब केलं. एक मोना, शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शालूबाईची पोरगी. आणि बाळाबाईची दोन जुळी नातवंडं, जी दर वर्षी ऊसतोडीच्या दिवसांत आईबापाबरोबर फिरत आणि वर्षातनं चारच महिने शाळेत दिसत; यंदा ती पहिल्यांदाच आजीपाशी राहिली होती. ही तिघं त्या दिवशी नसली तर सरासरी सहज निघते, असं सरांनी बाईंना हळूच सुचवलं. सगळेच करतात असं, मॅडम.

बाईंनी यादी हातात घेतली. सरांना वाटलं, पटलं. मग बाईंनी पदरानं ती तीन टिंबं पुसली, पुसून कागद फाटला, आणि फाटकी यादी सरांच्या टेबलावर ठेवून त्या वर्गावर गेल्या.

चाचणीच्या दिवशी अकराला पेपर. साडेदहाला बाईंनी पोरं मोजली. सोळा. परत मोजली. सोळाच. मोना नाही, जुळी नाहीत. बाई तडक खिचडीच्या खोलीत गेल्या. शालूबाई चुलीपुढं बसून डाळ निवडत होती. मोना कुठं, असं विचारल्यावर तिनं मान वर केली नाही. ताप आलाय म्हणाली. बाई तिथंच उभ्या राहिल्या. डाळीतले खडे शालूबाईच्या बोटांना सापडेनात.

शेवटी ती म्हणाली, “सर म्हणालं, मोना बसली तर बाईंचा वर्ग जाईल. तुमच्यासाठी ठेवली बाई तिला घरात. पोरीचं पेपराबिगर काय बी अडत न्हाय. तुमची गोष्ट ऱ्हाऊ दे.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं की कशाचं, हे त्यांना त्या वेळी ठरवता आलं नाही. सरांवरचा राग सोपा होता. पण ह्या बाईनं मायेपोटी स्वतःच्या पोरीला वगळलं होतं, आणि तेही बाईंच्या गोष्टीसाठी. ज्या गोष्टीसाठी पोर घरी बसवायला लागते ती गोष्ट जळो, असं बाईंना वाटलं. त्यांनी शालूबाईला उठवलं, पोरं कुठं आहेत ते विचारलं आणि स्कूटीची किल्ली काढली.

तिघंही बाळाबाईच्या सोप्यात बसून शेंगा फोडत होती. बाईंना बघून जुळी आत पळाली. मोना पळाली नाही, पण उठलीही नाही. तिनं विचारलं, बाई, मी आलो तर तुमाला साहेब रागवंल न्हवं? बाई म्हणाल्या, साहेबांचं मी बघतो, तू बस गाडीवर. मोना पुढं उभी, मागं जुळी एकमेकांना घट्ट धरून, आणि मधे बाई, अशी चौघांची ती गाडी करंजतळीच्या रस्त्यानं निघाली. नियमात बसणारी नव्हती. डेअरीपुढची माणसं बघत राहिली. सर दारातच उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, बाईंनी त्यांच्याकडं बघितलं, आणि सरांनी तोंड मिटलं. शेजारच्या शाळेचे पर्यवेक्षक घड्याळ बघत म्हणाले, पाच मिनिटं वर झाली. बाई म्हणाल्या, अठ्ठावीस वर्सांत पाचच झाली, लिहा तुमच्या अहवालात. आणि एकोणीस पोरं पेपराला बसली.

आठ दिवसांनी कचेरीतनं फोन आला. सरासरी चोपन्न. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता साहेबांना भेटायचं.

सरनोबत साहेबांनी बाईंना खुर्ची दिली, चहा सांगितला. पेपरांचा गठ्ठा टेबलावर होता, त्याच्यावर टाईप केलेलं हमीपत्र. भागाकाराचे तीन प्रश्न होते आणि तिन्हींच्या बाकीला एकोणीसच्या एकोणीस पोरांना शून्य, असं साहेब म्हणाले. एवढी वर्षं भागाकार शिकवून ही गत. बाईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. एकाला शून्य पडतं, दोघांना पडतं, अख्ख्या वर्गाला? त्यांनी गठ्ठा ओढला आणि पहिला पेपर उघडला.

‘३८ खुर्च्या, ६ रांगांत समान मांडल्या. बाकी किती?’ समोरच्या चौकटीत लिहिलं होतं, ‘२, पावण्यांस्नी बसायला’. ‘४६ उसांच्या ७-७ च्या मोळ्या बांधल्या. बाकी किती?’ चौकटीत मावलं नाही म्हणून बाहेर काढून लिहिलं होतं, ‘४, म्हशीला’. दुसरा पेपर, तिसरा, दहावा, सगळे तसेच. ‘२३ लाडू ५ मुलांना समान वाटले. बाकी किती?’ तीन, आजारी पोराला. तीन, शालूमावशीला कारण ती रोज वाढते आणि शेवटी खाते. तीन, धोंडुबाईला. प्रत्येकाच्या पुढं लाल शाईचं शून्य.

बाई हसल्या. कचेरीतल्या खुर्चीत, साहेबांपुढं, तोंडाला पदर न लावता हसल्या. ही चूक त्यांचीच होती, त्यांच्याच पोरांनी केली होती, आणि जगात दुसऱ्या कुठल्या वर्गात ती झाली नसती. पोरांना बाकी लिहून थांबताच येत नव्हतं. मोनाच्या पेपराशी आल्या तेव्हा मात्र त्यांचं हसू थांबलं. तो त्यांनी दोनदा वाचला आणि गठ्ठ्यात परत घातला.

मग त्यांनी विचारलं, तीन, चार आणि दोन हे आकडे बरोबर की चूक? साहेब म्हणाले, आकडे बरोबर आहेत, पण चौकटीत फक्त संख्या लिहायची अशी छापील सूचना होती. शब्द आले की उत्तर धरत नाहीत. बाई म्हणाल्या, म्हंजे पोरांना गणित येतंय, चौकट येत न्हाय. साहेबांनी हमीपत्र पुढं सरकवलं. ते आवाज खाली आणून म्हणाले, आणि हे मनापासून म्हणाले, की मॅडम, तुमचं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही. त्या तीन मुलांना बसवलं नसतं तर सरासरी साठाच्या वर गेली असती. मुख्याध्यापकांनी तुम्हाला सुचवलं होतं, मला माहीत आहे. तुम्हीच गाडीवर बसवून आणलं त्यांना. आता सही करा, वर्ग तुमच्याकडंच राहील, विषय संपला.

बाईंनी पेन उचललं. साहेबांना बरं वाटलं असावं. बाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि ते कागदावर आडवं ठेवलं.

“साहेब, पोरगं पाढा चुकलं तर चालतंय, मी परत घिऊन बसतो. पण उरल्याली पोरं बाजूला टाकून सरासरी बरोबर येती, हे मी शिकिवणार न्हाय. आणि गोष्ट बी सोडणार न्हाय. वर्ग काढून घ्यायचा तर घ्या. पहिली द्या, तिथं बेरजेला धोंडुबाई येईल. दुसरी द्या, तिथं बी येईल.”

साहेबांनी नियम सांगितला, मग वरची कचेरी सांगितली, मग निवृत्तीला किती वर्षं राहिली ते मोजून दाखवलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकदाही ‘हूं’ म्हटलं नाही. शेवटी साहेब म्हणाले, तुमच्या वर्गाचं काय ते आठ दिवसांत कळवतो. बाई उठल्या. चहा तसाच राहिला.

बाहेर ऊन पिवळं झालं होतं. बाई जैन, दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या. त्यांच्या घरात तीन पिढ्या कुणी दिवा लागल्यावर जेवलेलं नाही. कोल्हापूर गाठेपर्यंत अंधार पडणार, हे त्यांनी सकाळीच ओळखून डबा आणला होता. कचेरीच्या आवारात बसायला जागा नव्हती. मग त्या सरळ कचेरीच्या पायरीवर बसल्या, मधोमध, आणि डबा उघडला. भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगाची चटणी. येणारे-जाणारे कारकून वळसा घालून जाऊ लागले. एकानं आत बाकावर बसायला सांगितलं. बाई म्हणाल्या, हितं वारं चांगलं लागतंय.

साडेपाचच्या सुमाराला साहेब बाहेर आले. काखेत पेपरांचा गठ्ठा होता, दुसऱ्या दिवशी वरच्या कचेरीत पाठवायचा असावा. पायरीवर बाई. साहेब एक पायरी वर थांबले. वळसा घालून जाता आलं असतं. ते गेले नाहीत. जणू सहज आठवलं म्हणून, त्यांनी विचारलं, त्या तिघांतली ती मुलगी, तिचा पेपर तुम्ही दोनदा वाचलात. लाडवांचं काय लिहिलंय तिनं? तीन कुणाला दिले?

“वाचा की,” बाई घास न थांबवता म्हणाल्या. “गठ्ठा तुमच्याच काखंत हाय.”

साहेबांनी इकडंतिकडं बघितलं. मग चष्मा कपाळावरनं खाली घेतला, गठ्ठ्याची दोरी सोडली आणि उभ्याउभ्याच पेपर शोधू लागले. मोनाचा पेपर शेवटच्या चारांत होता. अक्षर मोठं आणि वाकडं. चौकटीत तीनचा आकडा होता, आणि चौकटीखाली, जिथं काही लिहायचं नव्हतं तिथं, पोरीनं सगळं बळ लावून लिहिलं होतं. साहेबांनी ती ओळ आधी मनात वाचली आणि मग न कळत मोठ्यानं वाचली.

“बाकी तीन. ज्यांला आज घरी बसीवलंतं त्यांला.”

आवारातला कारकून थांबून बघू लागला. साहेबांनी पेपर मिटला नाही. त्यांनी तो जरा लांब धरला, परत जवळ आणला. ह्या शाळेतल्या तीन नावांवर कुणी टिंब केलं, कुणी ते ऐकूनही गप्प राहिलं, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरली नव्हती. चौथीतल्या पोरीनं ते मोजलं होतं, आणि मोजून लाडू त्यांच्या वाट्याला दिले होते, ज्यात ती स्वतः होती.

“त्या उत्तराला तुमच्या कचेरीनं शून्य दिलंय, साहेब,” त्रिशलाबाई म्हणाल्या.

बाईंनी शेवटचा घास खाल्ला, बाटलीतलं पाणी पिऊन हात धुतला, डब्याची कडी लावली आणि डोक्याला रुमाल बांधला. पश्चिमेला सूर्य अजून हातभर वर होता. त्यांनी स्कूटीला किक मारली. दुसऱ्या दिवशी पहिलाच तास गणिताचा होता.